चुकीच्या सल्ल्याची इस्लाह

मश्वरा, म्हणजेच विचारविनिमय, हा मोमिनांच्या सामूहिक जीवनाचा पाया आहे, हे आपण वारंवार ऐकतो. दिव्य कुरआनातील बेचाळिसाव्या सूरहचे नावच ‘शूरा’ आहे. तिच्या ३८ व्या आयतीत ईमानधारकांचे गुण सांगताना नमाज कायम करणे आणि अल्लाहने दिलेल्या रोजीतून खर्च करणे या दोन गुणांच्या मधोमध आपसांतील विचारविनिमयाने कारभार चालविण्याचा उल्लेख आला आहे. नमाज आणि दानधर्म यांच्या मध्ये ज्याला स्थान मिळाले, त्याचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही.

मात्र या विषयावर लिहिताना आणि बोलताना आपण बहुधा चांगल्या सल्ल्याचीच उदाहरणे देतो. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी खंदक खोदण्याची सूचना केली, ती स्वीकारली गेली आणि मदीना वाचले. हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु दुकानात, कारखान्यात, शाळेत किंवा मस्जिदीच्या व्यवस्थापनात जबाबदारीच्या जागी बसलेल्या माणसासमोर रोज येणारा प्रश्न वेगळा असतो. हाताखालचा माणूस काही सुचवितो आणि ते सुचविणे चुकीचे, अपुरे किंवा न पेलणारे असते. अशा वेळी काय करावे? चांगला सल्ला स्वीकारायला फारशी तालीम लागत नाही, कारण त्यात आपलाच लाभ असतो. माणसाच्या अखलाकची परीक्षा चुकीचा सल्ला ऐकताना होते.

शब्दांतच दडलेला बोध

मराठीत आपण ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन शब्द सहज वापरतो. दोन्ही अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. ‘सल्ला’ हा ‘सलाह’वरून, तर ‘मसलत’ हा ‘मस्लहत’वरून. या दोन्हींचे मूळ एकच असून त्याचा अर्थ आहे भले होणे, नीट होणे, बिघाड दूर होणे. ‘इस्लाह’ म्हणजे सुधारणा, हा शब्दही त्याच मुळापासून झाला आहे. यावरून असे लक्षात येते की सल्ला देणारा काहीतरी नीट व्हावे या इच्छेने बोलत असतो. त्याचा उपाय चुकू शकतो. त्याची इच्छा चुकीची असेलच असे नाही.

‘मश्वरा’ या शब्दाविषयी अरबी कोशकार आणखी एक गोष्ट सांगतात. ज्या मुळापासून तो आला, त्याच मुळापासून पोळ्यातून मध काढण्याच्या क्रियेसाठीही शब्द आहे. मध काढणाऱ्याच्या हाती निव्वळ मध येत नाही. मेण येते, कचरा येतो, कधी डंखही बसतो. पण मेण निघाले म्हणून कोणी पोळे जाळून टाकत नाही. दहा सूचनांतील नऊ कामाच्या नसतील, तरी दहावी मिळण्याची जागा तीच असते.

ती आयत केव्हा उतरली?

सूरह आले-इमरानच्या १५९ व्या आयतीत अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) सहकाऱ्यांशी मश्वरा करण्याची आज्ञा दिली आहे. ही आज्ञा कोणत्या प्रसंगानंतर आली, हे पाहिल्याशिवाय तिचे वजन कळत नाही.

हिजरी सन ३ मध्ये मक्केचे सैन्य मदीनेवर चालून आले. प्रेषितांचे (स.) स्वतःचे मत शहरातच राहून सामना करावा असे होते. परंतु ज्यांना बद्रच्या लढाईत भाग घेता आला नव्हता, अशा अनेक उत्साही सोबत्यांनी शहराबाहेर जाऊन लढण्याचा आग्रह धरला. प्रेषितांनी (स.) तो मान्य केला आणि घरात जाऊन चिलखत परिधान केले. इकडे आग्रह धरणाऱ्यांना पश्चात्ताप झाला. आपण अल्लाहच्या प्रेषितांवर दबाव तर आणला नाही ना, असे वाटून त्यांनी आपले म्हणणे मागे घेण्याची तयारी दाखविली. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की चिलखत चढविल्यानंतर अल्लाहचा निर्णय होईपर्यंत ते उतरविणे प्रेषिताला शोभत नाही.

पुढे उहुदच्या पायथ्याशी जे घडले ते सर्वश्रुत आहे. टेकडीवर नेमलेल्या ५० तिरंदाजांपैकी बहुतेकांनी आज्ञा मोडून जागा सोडली, विजयाचे पारडे फिरले आणि सुमारे ७० सोबती शहीद झाले. खुद्द प्रेषित (स.) जखमी झाले. कुरआनाने या हानीचे कारण सोबत्यांतील मतभेद आणि आज्ञाभंग असे सांगितले आहे. बाहेर पडण्याच्या सल्ल्यावर ठपका ठेवलेला नाही. तरीही मानवी स्वभाव पाहता, अशा दिवशी कोणत्याही नेत्याच्या मनात पहिला विचार हाच आला असता की यापुढे कुणाला विचारणे नको.

नेमक्या याच वातावरणात ही आयत उतरली. तिचा आशय असा आहे की अल्लाहच्या कृपेनेच आपण या लोकांशी मृदू वागलात. आपण कठोर आणि निर्दय मनाचे असता, तर हे सर्व आपल्याभोवतून पांगले असते. म्हणून त्यांना क्षमा करा, त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमायाचना करा, कामांत त्यांचा सल्ला घेत राहा आणि एकदा निर्धार झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी क्षमा, मग त्यांच्यासाठी दुआ, मग पुन्हा मश्वरा, मग निर्धार आणि शेवटी तवक्कुल. चूक घडल्यानंतर मश्वऱ्याचे दार बंद करण्याची आज्ञा आली नाही. ते उघडे ठेवण्याची आली. शिवाय कठोरपणाचा परिणामही स्पष्ट सांगितला आहे. लोक विरोध करीत नाहीत, भांडत नाहीत, ते पांगतात. आजच्या कामाच्या ठिकाणी हे पांगणे नेहमी नोकरी सोडून जाण्याच्या रूपात दिसत नाही. माणूस रोज कामावर येतो, सांगितलेले करतो, पण मनाने तो निघून गेलेला असतो. जे दिसते ते बोलत नाही.

उत्साहाला दुआ, कृतीला मनाई

चुकीच्या गोष्टीला उत्तर कसे द्यावे, याचा सर्वांत संक्षिप्त नमुना सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये सापडतो. हजरत अबू बकरा (रजि.) (हे हजरत अबू बकर सिद्दीक (रजि.) नव्हेत, दुसरे सहाबी आहेत) मस्जिदीत आले तेव्हा प्रेषित (स.) रुकूत होते. रकअत चुकू नये म्हणून त्यांनी रांगेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच रुकू केला. प्रेषितांना (स.) हे सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी आधी दुआ दिली की अल्लाह तुमचा हा उत्साह वाढवो, आणि मग सांगितले की पुन्हा असे करू नका.

दोनच वाक्ये, पण त्यांत संपूर्ण पद्धत आहे. माणसाच्या मनातील ओढ आणि त्या ओढीने निवडलेला मार्ग या दोन गोष्टी येथे वेगळ्या करण्यात आल्या. ओढ जपली गेली, मार्ग नाकारला गेला. नुसती दुआ देऊन थांबले असते, तर चूक रूढ झाली असती. नुसती मनाई केली असती, तर उत्साह कोमेजला असता.

आपल्याकडे याच्या उलट घडते. हाताखालच्याने काही सुचविले की तीनपैकी एक प्रतिक्रिया ठरलेली असते. पहिली, हसणे. चार माणसांदेखत त्याच्या सूचनेची थट्टा होते आणि ती आठवडाभर चघळली जाते. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीने एका गटाने दुसऱ्या गटाची थट्टा करण्यास मनाई केली आहे, कारण ज्यांची थट्टा होते ते अधिक चांगले असू शकतात. ही आयत दुकानाच्या गल्ल्यावरही लागू होते. दुसरी, झिडकारणे. ‘तुझे काम तू कर’ या चार शब्दांत विषय संपतो. तिसरी प्रतिक्रिया वरून सभ्य दिसते, ती म्हणजे ‘बघू’. हा ‘बघू’ होकार नसतो आणि नकारही नसतो. माणूस महिनाभर वाट पाहतो, मग त्याला कळते की त्याचे म्हणणे त्याच दिवशी मातीत गेले होते. थट्टेत रहम नाही, झिडकारण्यात न्याय नाही आणि ‘बघू’ मध्ये खरेपणा नाही.

खोटी स्तुती हाही मार्ग नव्हे. सूचना चुकीची असताना ‘वा, फार छान’ म्हणणे ही दयाळूपणाच्या नावाखाली केलेली फसवणूक आहे. दीन म्हणजे हितचिंतन होय, असे सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसमध्ये सांगितले आहे. जो माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून खरे लपवितो, त्याने आपले हित चिंतिले असे कसे म्हणावे?

सूचनेमागची अडचण शोधणे

मुस्नद अहमदमध्ये हजरत अबू उमामा (रजि.) यांनी एक घटना सांगितली आहे. एक तरुण प्रेषितांकडे (स.) आला आणि त्याने चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. उपस्थित लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बोलावून बसविले आणि विचारले की हे तुला तुझ्या आईच्या बाबतीत आवडेल काय? तो म्हणाला, नाही. मग मुलगी, बहीण, आत्या आणि मावशी यांच्याविषयी तोच प्रश्न विचारला. प्रत्येक वेळी तरुणाने नकार दिला आणि प्रत्येक वेळी प्रेषितांनी (स.) सांगितले की इतर लोकांनाही आपल्या नातलगांबाबत ते आवडत नाही. शेवटी त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. यापेक्षा वाईट मागणी कोणती असू शकेल? तरीही तिला उत्तर मिळाले ते प्रश्नांनी, आणि निष्कर्षापर्यंत तो तरुण स्वतः पोहोचला.

दुकानातील सूचना याच्या मानाने किती साध्या असतात! उदाहरणादाखल कोकणातील एका बेकरीची कल्पना करू. रमजान सुरू आहे. भट्टीवरचा कारागीर मालकाला म्हणतो, ‘शेठ, सगळा पाव पहाटेच भाजून टाकू या. संध्याकाळची भट्टी लावायलाच नको.’ वरकरणी सूचना चुकीचीच आहे. पहाटेचा पाव इफ्तारपर्यंत कोरडा पडेल आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. मालक हे ऐकून हसू शकतो. कामचुकार म्हणून हिणवूही शकतो.

आता सुन्नतच्या पद्धतीने पाहू. मालक विचारतो, ‘पहाटे भाजलेला पाव तू स्वतः संध्याकाळी इफ्तारला घेशील का?’ कारागीर थांबतो आणि म्हणतो, ‘नाही.’ मग दुसरा प्रश्न, आणि खरा महत्त्वाचा प्रश्न हाच: ‘मग संध्याकाळच्या भट्टीचा तुला त्रास कोणता आहे?’ आता तो मोकळा होतो. दिवसभर रोजा, त्यात असरनंतर भट्टीचा जाळ, आणि अजान होते तेव्हा शेवटचे पत्रे भट्टीत असतात. रोजा उभ्याउभ्या खजूर तोंडात टाकून सोडावा लागतो आणि मगरिबची जमाअत निघून जाते. उपाय चुकीचा होता, पण अडचण शंभर टक्के खरी होती. ती मालकाला इतकी वर्षे दिसली नव्हती, कारण तो त्या वेळी गल्ल्यावर असतो. यावर मार्ग निघू शकतात. पीठ अर्धा तास आधी मळता येईल. शेवटची भट्टी इफ्तारच्या आधी पुरेशा वेळाने रिकामी होईल असे वेळापत्रक बांधता येईल. एका दिवशी दोघे, दुसऱ्या दिवशी दुसरे दोघे अशी पाळी लावता येईल.

हजरत अबू जर (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसचा आशय असा आहे की जे तुमच्या हाताखाली आहेत ते तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही इतका भार टाकू नका, आणि टाकलाच तर त्यांना मदत करा. भार झेपतो की नाही, हे भार उचलणाराच सांगू शकतो. तो ते नेहमी नेमक्या शब्दांत सांगेलच असे नाही. अनेकदा तो तक्रार म्हणून न सांगता एखाद्या वेड्यावाकड्या सूचनेच्या रूपात सांगतो. म्हणून सूचना नाकारण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे हा मालकावरील हक्क आहे.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत किती असते, हेही पाहावे. ज्या कारागिराला आज हसून गप्प केले, त्याला उद्या भट्टीच्या धुराड्याला गेलेला तडा दिसेल, किंवा विजेच्या तारेवरचे आवरण जळालेले दिसेल. सर्वांत आधी त्यालाच दिसेल, कारण तोच तेथे उभा असतो. पण कालचा अनुभव आठवून तो बोलणार नाही. चुकीच्या सूचनेला दिलेल्या अपमानकारक उत्तराने फक्त चुकीच्या सूचना थांबत नाहीत; बरोबर सूचनाही थांबतात.

कारणासहित नकार

प्रश्न विचारूनही शेवटी नकार द्यावा लागतोच. तो कसा द्यावा, याचे उत्तम उदाहरण हजरत उमर (रजि.) यांच्या शामच्या प्रवासात मिळते. सरग या ठिकाणी पोहोचल्यावर त्यांना समजले की शाममध्ये प्लेगची साथ पसरली आहे. त्यांनी आधी मुहाजिरांना, मग अन्सारांना विचारले. दोन्ही गटांत मतभेद झाला. मग कुरैशच्या ज्येष्ठांना विचारले. त्यांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला. हजरत उमर (रजि.) यांनी परतीचा निर्णय जाहीर केला. त्यावर सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी आक्षेप घेतला की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय?

हजरत उमर (रजि.) यांना त्यांचे म्हणणे पटले नाही. हे अबू उबैदांऐवजी दुसऱ्या कुणी म्हटले असते तर बरे, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. म्हणजे नकारातही त्या माणसाची योग्यता मान्य केली. मग उत्तर दिले की होय, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आणि दाखला दिला: तुमचे उंट अशा दरीत उतरले की जिची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड आहे, तर तुम्ही कोणत्याही बाजूला चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच चारणे होणार नाही काय? पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथीच्या प्रदेशात प्रवेश करू नये व तेथे असल्यास पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी ऐकविली. हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते परतले.

खलीफांना ‘मी आज्ञा केली आहे’ एवढे म्हणून थांबता आले असते. त्यांनी कारण दिले, आणि तेही उंट चारणाऱ्या समाजाला समजेल अशा भाषेत दिले. कारण मिळालेला नकार माणसाला शिकवितो. कारण न मिळालेला नकार त्याला फक्त त्याची जागा दाखवितो.

कुरआनात सबाच्या राणीचा प्रसंगही आहे. हजरत सुलैमान (अलै.) यांचे पत्र आल्यावर तिने सरदारांना सल्ला विचारला. त्यांनी आपले बळ आणि शौर्य सांगितले, पण निर्णय तिच्यावर सोपविला. तिने त्यांच्या शौर्याला नावे ठेवली नाहीत. राजे एखाद्या वस्तीत शिरतात तेव्हा तिची नासधूस करतात, हे कारण सांगितले आणि आधी भेट पाठवून काय उत्तर येते ते पाहू, असा मार्ग काढला. त्याच सूरहमध्ये हुदहुद पक्षी बातमी घेऊन येतो तेव्हा हजरत सुलैमान (अलै.) ती लगेच मान्यही करीत नाहीत आणि फेटाळतही नाहीत, खरे की खोटे ते पाहू, असे सांगून पत्र देऊन त्यालाच धाडतात. ज्या सूचनेविषयी खात्री नाही, तिची थोडक्या खर्चात परीक्षा घेता येते. अशा परीक्षेसाठी ‘बघू’ म्हणायला हरकत नाही, मात्र केव्हा आणि कसे बघू, हेही त्याच वेळी सांगावे.

लहानांना बोलते करणे

एकदा हजरत उमर (रजि.) यांनी सोबत्यांना सूरह बकराच्या एका आयतीचा अर्थ विचारला. लोक म्हणाले, अल्लाहच जाणे. हजरत उमर (रजि.) यांना हे आवडले नाही, माहीत आहे किंवा माहीत नाही, असे स्पष्ट सांगा, असे ते म्हणाले. त्या सभेत वयाने लहान असलेले हजरत इब्न अब्बास (रजि.) म्हणाले की माझ्या मनात याविषयी काही आहे. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना पुतण्या म्हणून संबोधले आणि बोलण्यास व स्वतःला कमी न लेखण्यास सांगितले. अर्थ सांगून झाल्यावर तो बरोबर ठरेल की चूक, हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते. बोलण्याची हिंमत मिळाली ती उत्तर तपासण्यापूर्वी.

मालकाचे मतही चुकते

जबाबदार माणसाने हेही विसरू नये की चुकीची सूचना फक्त खालूनच येते असे नाही. मदीनेतील लोक खजुरीच्या झाडांत परागीकरण करीत. प्रेषितांनी (स.) त्याविषयी आपले वैयक्तिक मत व्यक्त केले, लोकांनी ते काम सोडले आणि त्या हंगामात फळ कमी आले. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की ते केवळ त्यांचे मत होते, आणि दुनियेतील अशा कामांतले लोकांना अधिक कळते. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. वह्य ज्यांच्यावर उतरत होती, त्यांनी शेतकऱ्याच्या अनुभवाला हा मान दिला. मग ज्याच्याजवळ केवळ भांडवल आहे, त्याने कारागिराच्या हाताला किती मान द्यावा, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा.

जेथे तडजोड नाही

येथवर ज्या सूचनांविषयी लिहिले, त्या समजुतीच्या चुका होत्या. काही सूचना अल्लाहच्या मर्यादा ओलांडणाऱ्या असतात. वजनात थोडे कमी भरू, जुना माल नव्या पिशवीत घालू, पावती न देता विकू. प्रेषितांनी (स.) बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतला भाग ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण दिले. प्रेषितांनी (स.) विचारले की मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सुनावले.

अशा सूचनेला ‘परवडणार नाही’ किंवा ‘पकडले जाऊ’ असे उत्तर देऊ नये. त्यातून समोरचा एवढेच शिकतो की पकडले जाणार नसू तर चालेल. हे हराम आहे म्हणून होणार नाही, असे त्याच क्षणी स्पष्ट सांगावे. मात्र येथेही माणसाला एकांतात सांगावे. जाहीर बोलायची वेळ आली तर नाव न घेता, काही लोक असे का करतात, अशा रीतीने बोलण्याची सुन्नत आहे. आणि मालकाने स्वतःला विचारावे की हा माणूस असे का सुचवितो आहे? त्याला वाटते की मालक नफ्यानेच खूश होतो. तसे वाटावे असे आपल्याकडून काय घडले? सूचनेची इस्लाह करताना कधीकधी दुकानाचीही करावी लागते.

निर्णयानंतर

मश्वरा देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. उहुदच्या वाटेवर अब्दुल्लाह बिन उबई सुमारे ३०० माणसे घेऊन परत फिरला. शहरातच राहावे, हे त्याचेही मत होते. ते मानले गेले नाही, ही त्याची तक्रार होती. मत योग्य असणे वेगळे आणि मत मानले गेले नाही म्हणून साथ सोडणे वेगळे. सूचना अमानत म्हणून द्यावी. ती स्वीकारली गेलीच पाहिजे, अशी अट घालू नये. निर्णय झाल्यावर तो सर्वांचा होतो, आणि तेथून पुढे तवक्कुल सुरू होते.

मालकाच्या बाजूने या टप्प्यावर एक पथ्य आहे. ज्याची सूचना नाकारली, त्याला दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सलाम करावा, त्याच्या हातचा चहा घ्यावा, पुढच्या कामात पुन्हा विचारावे. नकार सूचनेला होता, माणसाला नव्हता, हे या साध्या वागण्यातूनच त्याला पटते. सूचनेतील एखादा भाग वापरला, तर ज्याचा तो होता त्याचे नाव सर्वांसमोर घ्यावे. आपण न केलेल्या कामाची प्रशंसा व्हावी असे आवडणाऱ्यांना कुरआनाने कठोर इशारा दिला आहे.

हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. लहान वयात सेवेला लागलेल्या मुलाच्या हातून चुका झाल्या नसतील असे नाही. पण त्यांची साक्ष अशी आहे की प्रेषितांनी (स.) त्यांना कधी ‘उफ’ देखील म्हटले नाही, आणि हे का केले किंवा ते का केले नाही, असे विचारून कधी कोंडीत पकडले नाही. आपल्या हाताखालचा माणूस दहा वर्षांनी आपल्याविषयी कोणती साक्ष देईल? आणि कयामतच्या दिवशी, जेव्हा प्रत्येक राखणदाराला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, तेव्हा तो काय सांगेल?

अल्लाह आपणांस चुकीचे ऐकून घेण्याचे धैर्य, खरे सांगण्याची हिंमत आणि दोन्हींत मृदुता राखण्याची तौफीक देवो. आमीन.